निवडून न येणाऱ्या उमेदवाराचं काम

अमेरिकेतल्या १९९६च्या अध्यक्षीय निवडणुकीत बिल क्लिंटन जिंकले, बॉब डोल हरले आणि रॉस पेरो तिसरे आले, एवढं बहुतेकांच्या लक्षात असतं. त्याच मतपत्रिकेवर, पन्नासच्या पन्नास राज्यांत, आणखी एक नाव छापलेलं होतं : हॅरी ब्राउन, सरकारचा हस्तक्षेप कमीत कमी असावा असं मानणाऱ्या छोट्या लिबर्टेरियन पक्षाचे. त्यांना ४,८५,७५९ मतं पडली, म्हणजे एकूण मतांच्या जेमतेम अर्धा टक्का. २००० साली ते पुन्हा उभे राहिले. तेव्हा मतं वाढायच्या ऐवजी ३,८४,४३१वर घसरली. ॲरिझोनात तर पक्षाच्या स्थानिक मंडळींनी त्यांच्याऐवजी दुसऱ्याच माणसाचं नाव मतपत्रिकेवर चढवलं. दोन्ही खेपेला ब्राउन पाचवे आले.

या आकड्यांवरून त्यांची राजकीय कारकीर्द फुकट गेली असा निकाल देता येतो आणि तो अनेकांनी दिलाही आहे. मला तो पटत नाही. निवडून येण्याची आशा नसलेला, पण विचार पक्का असलेला उमेदवार लोकशाहीत एक असं काम करतो, जे निवडून येण्याजोग्या माणसाला परवडत नाही. ते काम अडवणारे नियम केले, तर नुकसान त्या उमेदवाराचं कमी आणि मतदाराचं जास्त होतं. हे मी ब्राउन यांच्या विचारांचा अनुयायी म्हणून लिहीत नाही. त्यांच्या कार्यक्रमातला मोठा भाग मला चुकीचा वाटतो आणि का वाटतो, तेही पुढे येईलच.

ब्राउन राजकारणात वाढलेले नव्हते. १९३३ साली न्यूयॉर्कमध्ये जन्म, लॉस एंजलिसमध्ये बालपण, कॉलेज दोन आठवड्यांत सोडलेलं. नाव झालं ते गुंतवणूक सल्लागार म्हणून. १९७० साली त्यांनी पुस्तक लिहून सांगितलं, की डॉलरचं अवमूल्यन होणार, सोन्याशी बांधलेला त्याचा भाव सरकारला टिकवता येणार नाही. पुढच्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९७१ रोजी, निक्सन यांनी परदेशी सरकारांना डॉलरच्या बदल्यात सोनं देणं बंद केलं. सोन्याचा अधिकृत भाव औंसाला ३५ डॉलरवरून आधी ३८ आणि १९७३मध्ये ४२.२२ डॉलर झाला. सामान्य अमेरिकन माणसाला सोन्याच्या लगडी घरात ठेवायला तेव्हा कायद्याने बंदी होती. ती १९७४च्या अखेरीस उठली. ज्यांनी ब्राउन यांचं ऐकून चांदी घेतली, स्विस फ्रँकमध्ये पैसे ठेवले, त्यांचं भलं झालं. १९७४ साली आलेलं त्यांचं पुढचं पुस्तक धडाक्यात खपलं.

अशा माणसाने उरलेलं आयुष्य नवनवी भाकितं विकत काढलं असतं, तर कुणाला नवल वाटलं नसतं. ब्राउन यांनी उलट केलं. उद्या काय होणार हे कुणालाच कळत नाही, मलाही नाही, असं ते सांगू लागले. बचतीचे चार सारखे भाग करा, एक शेअरमध्ये, एक दीर्घ मुदतीच्या सरकारी रोख्यांत, एक सोन्यात, एक रोख स्वरूपात, आणि निवांत झोपा, हा त्यांचा पुढचा सल्ला. तो आजही अनेक देशांतले साधे गुंतवणूकदार पाळतात. ज्याचं भाकीत खरं ठरलं त्यानेच भाकितांवर भरवसा ठेवू नका म्हणावं, ही गोष्ट माध्यमांतल्या तज्ज्ञांमध्ये फार क्वचित दिसते. त्यांच्या राजकारणाकडे बघताना मला हा धागा महत्त्वाचा वाटतो. कुणा एकाला सगळ्यांचं भलं कळतं, या दाव्यावरच त्यांचा विश्वास नव्हता. ना बाजारात, ना वॉशिंग्टनमध्ये.

१९७३ साली त्यांनी वैयक्तिक स्वातंत्र्यावर एक पुस्तक लिहिलं होतं. त्याचा सांगावा असा, की जग बदलायच्या नादी लागू नका. सरकार, समाज, नातीगोती यांच्या कचाट्यातून स्वतःपुरतं सुटायची वाट शोधा, आणि राजकारण ही त्या वाटेवरची मोठी फसगत आहे. ते स्वतः मतदानही करत नसत. आणि याच माणसाने १९९४मध्ये जाहीर केलं, की मी अध्यक्षपदासाठी उभा राहणार. विरोधकांनी याला दुटप्पीपणा म्हटलं. मला त्यात दुटप्पीपणा दिसत नाही. सल्लागाराला स्वतःच्या ग्राहकापुरतं बोलून भागतं. पण सरकार तुमच्या पगारातून कर कापतं, तुमच्या मुलाला युद्धावर धाडतं, तुमच्या शेजाऱ्याला गांजाच्या पुडीसाठी तुरुंगात टाकतं, तेव्हा स्वतःपुरतं सुटणं पुरेसं ठरत नाही. साठी ओलांडलेल्या, पैसा आणि नाव मिळवलेल्या माणसाने हरण्याची पूर्ण खात्री असलेल्या कामात उतरणं, याला धैर्य लागतं.

लिबर्टेरियन पक्ष १९७१च्या डिसेंबरात कोलोरॅडोत स्थापन झाला. निक्सन यांनी त्या वर्षी किमती आणि पगार गोठवले होते, व्हिएतनामचं युद्ध चालूच होतं. या दोन्हींचा ज्यांना सारखाच संताप होता, अशी मंडळी त्यात होती. माणसाच्या खासगी आयुष्यात आणि व्यवहारात सरकारने कमीत कमी हात घालावा, हे त्यांचं सूत्र. त्यामुळे हा पक्ष करांच्या प्रश्नावर उजव्यांच्याही उजवीकडे आणि युद्ध, अमली पदार्थ, समलिंगी व्यक्तींचे हक्क या प्रश्नांवर डाव्यांच्याही पुढे दिसतो. १९७२ साली त्यांचे पहिले उमेदवार जॉन हॉस्पर्स यांना चार हजारांहून कमी मतं पडली. पण व्हर्जिनियाच्या एका रिपब्लिकन प्रतिनिधीने निवडमंडळात (राज्यांचे प्रतिनिधी अध्यक्षाची औपचारिक निवड करतात, त्या मंडळात) आपलं मत त्यांना आणि उपाध्यक्षपदाच्या उमेदवार टोनी नेथन यांना दिलं, आणि अमेरिकेच्या इतिहासात निवडमंडळाचं मत मिळवणारी पहिली स्त्री या चिमुकल्या पक्षाची निघाली.

ब्राउन या पक्षाचा आवाज बनले ते मुख्यतः रेडिओ आणि टीव्हीवरून. त्यांचा सूर शांत असे. आयुष्याची सुरुवातीची वर्षं विक्रीकलेचा अभ्यास करण्यात गेलेली असल्यामुळे समोरच्याचं मत चुकीचं आहे असं ते सहसा म्हणत नसत. त्याला काय हवंय, ते विचारत. त्यांचा ठरलेला प्रश्न होता : आयुष्यात पुन्हा कधी प्राप्तिकर भरावा लागणार नाही, पण त्या बदल्यात केंद्र सरकारच्या तुमच्या सगळ्यात आवडत्या योजनेवर पाणी सोडावं लागेल, तर सोडाल का? कर कमी करू असं सगळेच म्हणतात. किंमत मोजायला तयार आहात का, हे फक्त तेच विचारत होते. प्राप्तिकर रद्द करायचा आणि त्याच्या जागी काहीही आणायचं नाही. केंद्राची जमीनजुमला आणि मालमत्ता विकून वृद्धांच्या निवृत्तिवेतनाची खासगी व्यवस्था लावायची. अध्यक्षपदाच्या पहिल्याच दिवशी अमली पदार्थांच्या गुन्ह्यात अडकलेल्या, हिंसा न केलेल्या कैद्यांना माफी द्यायची. हा त्यांचा कार्यक्रम.

तो मला जसाच्या तसा मान्य का नाही, ते सांगायला हवं. १९६५ साली मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा, आलं, तोवर अमेरिकेतल्या म्हाताऱ्या माणसांना विमा देताना खासगी कंपन्या हात आखडत होत्या. आणि दक्षिणेतली कित्येक रुग्णालयं काळ्या रुग्णांना वेगळ्या वॉर्डात ठेवत होती किंवा दारातूनच परत पाठवत होती. वॉशिंग्टनने १९६६मध्ये सांगितलं, की वेगळेपणा मोडल्याशिवाय मेडिकेअरचा पैसा मिळणार नाही, आणि दशकानुदशकं न हललेली भिंत काही महिन्यांत कोसळू लागली. हे बाजाराने केलं नव्हतं. ग्राहकाच्या पसंतीनेही झालं नव्हतं. केंद्र सरकारच्या तिजोरीने आणि कायद्याच्या धाकाने झालं. दुबळ्या माणसाचा छळ करणारं फक्त सरकारच असतं, असं गृहीत धरणारा विचार इथे तोकडा पडतो. जातीच्या उतरंडीत वाढलेल्या आपल्या समाजाला तर हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. गावाचा पाणवठा कुणामुळे खुला झाला आणि कुणी अडवला होता, याचा इतिहास महाडच्या चवदार तळ्यापाशी सांगता येतो. समाजही जुलूम करतो, आणि तेव्हा दाद मागायला राज्यसंस्थाच लागते. ब्राउन यांच्याकडे याला समाधानकारक उत्तर होतं असं मला वाटत नाही.

मग अशा माणसाला व्यासपीठ का द्यायचं? कारण त्याच कार्यक्रमातला एक भाग त्या वेळी अमेरिकेत मोठ्या पक्षांचा कुणीही उमेदवार उघडपणे बोलत नव्हता.

अमली पदार्थांविरुद्धच्या मोहिमेचंच घ्या. १९८६च्या कायद्याने कोकेनच्या दोन रूपांमध्ये शिक्षेचं प्रमाण शंभरास एक असं ठेवलं. गरीब काळ्या वस्त्यांत खपणाऱ्या क्रॅकच्या पाच ग्रॅमला जी किमान शिक्षा, ती पांढऱ्या भुकटीच्या पाचशे ग्रॅमला. १९९४मध्ये क्लिंटन यांनी गुन्हेगारीविरोधी मोठ्या कायद्यावर सही केली. सिनेटमध्ये तो पुढे रेटणाऱ्यांत ज्यो बायडन अग्रभागी होते. त्याच सुमारास अमेरिकेतल्या तुरुंगांतली कैद्यांची संख्या दहा लाखांच्या वर गेली. १९९६च्या प्रचारात डोल यांचा क्लिंटन यांच्यावर आरोप काय होता? ते अमली पदार्थांबाबत नरम आहेत! दोन्ही मोठे उमेदवार कठोरपणाची चढाओढ करत असताना, या लोकांना सोडा, असं म्हणणारा ब्राउन नावाचा माणूस अर्धा टक्का मतांसाठी गावोगावच्या रेडिओवर बोलत होता.

याच निवडणुकीत कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी औषध म्हणून गांजा वापरायला कौल दिला. २०१०मध्ये शंभरास एकचं प्रमाण अठरास एकवर आणलं गेलं. २०१२मध्ये कोलोरॅडो आणि वॉशिंग्टन या राज्यांनी गांजा कायदेशीर केला. आणि ऑक्टोबर २०२२मध्ये, फक्त गांजा बाळगल्याबद्दल केंद्रीय कायद्याखाली दोषी ठरलेल्यांना अध्यक्षांनी माफी दिली. ते अध्यक्ष होते ज्यो बायडन. हे सगळं ब्राउन यांच्यामुळे झालं, असा दावा कुणीही करू नये. कैद्यांच्या कुटुंबीयांनी, वकिलांनी, काळ्या समाजातल्या कार्यकर्त्यांनी त्यासाठी आयुष्यं वेचली. पण जी गोष्ट २०२२मध्ये अध्यक्षांना सहज करता आली, ती १९९६मध्ये अध्यक्षपदाचा उमेदवार म्हणून मोठ्याने बोलून दाखवण्यासाठी जिंकण्याची आशा सोडलेला माणूसच लागला. ज्याला बहुमत हवं असतं, तो आजच्या बहुमताच्या पलीकडचं बोलू शकत नाही. त्याच्या सल्लागारांची सगळी अक्कल त्याला तसं बोलण्यापासून रोखण्यात खर्च होत असते. बहुमताच्या पलीकडचं बोलायची मोकळीक असणारी माणसं थोडी, आणि ती मतपत्रिकेवर असणं आणखी दुर्मीळ.

ती का दिसत नाहीत, याचं उत्तर अमेरिकेत अगदी लेखी स्वरूपात आहे. अध्यक्षीय उमेदवारांच्या टीव्हीवरच्या वादसभा पूर्वी लीग ऑफ विमेन व्होटर्स ही मतदार महिलांची तटस्थ संघटना घेत असे. १९८७मध्ये रिपब्लिकन आणि डेमोक्रॅटिक पक्षांच्या अध्यक्षांनी मिळून वादसभांसाठी एक आयोग उभा केला. दोन्ही पक्षांच्या प्रचार-यंत्रणा परस्पर अटी ठरवतात आणि आपण फक्त मान डोलवायची, हे मान्य नसल्यामुळे लीगने १९८८मध्ये अंग काढून घेतलं. रॉस पेरो यांना १९९२मध्ये तिन्ही वादसभांत जागा मिळाली होती आणि त्यांनी जवळपास १९ टक्के मतं घेतली. १९९६मध्ये सरकारनेच त्यांना प्रचारासाठी सुमारे २९ दशलक्ष डॉलर दिले. पण जिंकण्याची वास्तव शक्यता नाही, असं सांगून आयोगाने त्यांना वादसभेबाहेर ठेवलं. पेरोंची ही गत, तिथे ब्राउन यांना कोण विचारणार? २००० सालापासून नियम आणखी पक्का झाला : पाच राष्ट्रीय चाचण्यांमध्ये सरासरी १५ टक्के पाठिंबा असेल, तरच प्रवेश. चाचणी घेणारे बहुधा छोट्या उमेदवाराचं नावच विचारत नाहीत. नाव विचारलं जात नाही म्हणून टक्के नाहीत, टक्के नाहीत म्हणून वादसभा नाही, आणि वादसभा नाही म्हणून नाव कुणाला माहीत नाही. २००० साली बॉस्टनच्या वादसभेच्या वेळी ग्रीन पक्षाचे उमेदवार राल्फ नेडर यांच्याकडे प्रेक्षक म्हणून तिकीट होतं, तरी त्यांना सभागृहाच्या आवारातून परत पाठवलं गेलं. गॅरी जॉन्सन हे न्यू मेक्सिकोचे दोन वेळचे माजी गव्हर्नर. २०१६मध्ये लिबर्टेरियन पक्षातर्फे त्यांनी ४४ लाखांहून अधिक मतं घेतली, पण वादसभेत तेही नव्हते.

मंचावर गर्दी होईल, हा नेहमीचा आक्षेप मला टिकणारा वाटत नाही. निवडमंडळात बहुमताला २७० मतं लागतात. जेवढ्या राज्यांत नाव नोंदवल्यावर ती मिळणं निदान गणिताने शक्य होतं, तेवढ्या राज्यांच्या मतपत्रिकांवर आलेल्या प्रत्येकाला निदान एका वादसभेत बसवा, ही अट पुरेशी कडक आहे. प्रत्येक राज्याचे सह्या गोळा करण्याचे नियम वेगळे, मुदती वेगळ्या. छोट्या पक्षांचा बराचसा पैसा प्रचाराआधी तिथेच संपतो. ही चाळणी पार करणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच उरतात. रिपब्लिकन पक्षाने २०१५मध्ये आपल्या अंतर्गत वादसभेत एका मंचावर दहा इच्छुक बसवले होते, तेव्हा गर्दीची तक्रार कुणाला फारशी आड आली नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : अशा उमेदवारामुळे मतं फुटतात. २०००मध्ये फ्लोरिडात बुश आणि गोर यांच्यातला अधिकृत फरक ५३७ मतांचा होता. नेडर यांना तिथे ९७,४८८ मतं होती, ब्राउन यांना १६,४१५. नेडर यांच्यावर आजही राग काढला जातो. पण ही मतं कुणाच्या मालकीची होती, की ती ‘फोडली’ गेली? मत हे मोठ्या पक्षाच्या खात्यावर आधीच जमा असतं आणि तिसरा माणूस ते चोरतो, या समजुतीतच लोकशाहीचा अपमान आहे. दोष असेल तर तो मोजण्याच्या पद्धतीत आहे. पहिली पसंती बाद झाली, तर मत दुसऱ्या पसंतीकडे जावं, अशी सोय मेन राज्याने केली आणि २०२०मध्ये अध्यक्षपदाच्या निवडणुकीतही वापरली. आपल्याकडे राष्ट्रपतिपदाची आणि राज्यसभेची निवडणूक पसंतिक्रमानेच होते. त्यामुळे ही कल्पना आपल्याला परकी नाही.

ब्राउन यांच्या कारकिर्दीतला सर्वांत मोठा दिवस मात्र दोन्ही निवडणुका होऊन गेल्यानंतरचा आहे.

११ सप्टेंबर २००१ला न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टनवर हल्ले झाले. दुसऱ्याच दिवशी ब्राउन यांनी लेख लिहिला. झालं ते भयंकर आहे, पण ते अनपेक्षित म्हणता येणार नाही, असं त्यांनी मांडलं. दशकानुदशकं परक्या देशांत बॉम्ब टाकायचे, तिथली सरकारं उभी करायची आणि पाडायची, आणि त्याची झळ कधीच आपल्या दारापर्यंत येणार नाही असं समजायचं, हे चुकलं; आता सुडाच्या भरात आणखी निरपराध माणसं मारू नका. ढिगारे अजून धुमसत असताना हे छापलं गेलं. संतापाची पत्रं आली. त्यातली कित्येक त्यांच्या स्वतःच्या पक्षातल्या, त्यांना मतं दिलेल्या माणसांची होती. लिबर्टेरियन मंडळींमध्ये या प्रश्नावर उभी फूट पडली.

लेखाची वेळ चुकली, असं म्हणणाऱ्यांचं दुःख मी समजू शकतो. ज्यांच्या घरातलं माणूस बेपत्ता होतं, त्यांना त्या दिवशी धोरणाची मीमांसा नको होती. तरीही मी ब्राउन यांच्या बाजूने आहे, कारण निर्णय दुःख ओसरायची वाट बघत नव्हते. १४ सप्टेंबरलाच प्रतिनिधीगृहाने लष्करी कारवाईचा जवळजवळ मोकळा अधिकार ४२० विरुद्ध १ मतांनी अध्यक्षांना दिला. ते एक मत बार्बरा ली यांचं. ऑक्टोबरात नागरिकांवर पाळत ठेवण्याचे अधिकार वाढवणारा पेट्रियट कायदा सिनेटने ९८ विरुद्ध १ने मंजूर केला. ते एक मत रस फाइनगोल्ड यांचं. बार्बरा ली यांना इतक्या धमक्या आल्या, की संरक्षण द्यावं लागलं. तेव्हा दिलेल्या त्या अधिकाराखाली अफगाणिस्तानातलं युद्ध ऑगस्ट २०२१पर्यंत, वीस वर्षं, चाललं. मार्च २००३मध्ये इराकवर चढाई झाली ती संहारक अस्त्रांच्या नावाने. ती अस्त्रं सापडली नाहीत. भाष्यकाराची पारख होते ती अशाच आठवड्यात. बाकीच्या वेळी कुणीही निर्भीड असू शकतो. ब्राउन १९९६मध्ये सरकारच्या अधिकाराबद्दल जे बोलत होते, तेच त्यांनी १२ सप्टेंबरला लिहिलं, आणि श्रोता उठून जातो आहे हे दिसत असूनही लिहीत राहिले. १ मार्च २००६ रोजी टेनेसीत त्यांचं निधन झालं. मज्जातंतूंच्या एएलएस या आजाराने शरीर थकत चाललेलं असतानाही ते साप्ताहिक रेडिओ कार्यक्रम करत होते.

त्यांच्या चुका लपवायचं कारण नाही. १९९६ची उमेदवारी ठरण्याआधीच पक्षाचा राष्ट्रीय संचालक नियम डावलून गुपचूप ब्राउन यांच्या प्रचाराचं काम करत होता, हे २००१मध्ये उघड झालं. दिलेल्या शब्दाला आणि कराराला सर्वोच्च स्थान देणाऱ्या पक्षात हे घडावं, याचं वाईट वाटतं. दुसरी चूक त्यांच्या एकट्याची नव्हती, साऱ्या पक्षाची होती. दर चार वर्षांनी सगळा पैसा आणि शक्ती अध्यक्षपदावर ओतायची, स्टुडिओत बसून देशाशी बोलायचं, आणि नगरपालिकेत, शाळेच्या मंडळावर, राज्याच्या विधिमंडळात माणसं निवडून आणण्याचं चिकाटीचं काम मागे पडू द्यायचं. विक्रीकलेत मुरलेल्या माणसाला वाटतं, नीट समजावलं की गिऱ्हाईक घेईलच. पण मतदार एकटा निर्णय घेत नाही. त्याचं घर, चर्च, कामगार संघटना, गल्ली, सगळे त्याच्यासोबत निर्णय घेत असतात, आणि त्यांच्यात जाऊन बसल्याशिवाय ते हलत नाहीत. एका बाबतीत मात्र ब्राउन पक्के राहिले : प्रचारासाठी मिळू शकणारा सरकारी निधी त्यांनी नाकारला. करातून आलेला पैसा घेऊन कर चुकीचा आहे, असं सांगायचं नाही, म्हणून.

टीव्हीवरून सत्ता मिळवता येते, हे पुढे अर्जेंटिनात हाविएर मिलेई यांनी दाखवलं. ब्राउन यांच्या अगदी उलट स्वभावाचे, आरडाओरडा करणारे हे अर्थतज्ज्ञ टीव्हीवरच्या चर्चांमधून घराघरांत पोचले, २०२१मध्ये खासदार आणि डिसेंबर २०२३मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले. २०२३ची २११ टक्के महागाई त्यांनी वर्षभरात ११८ टक्क्यांवर आणली. दारिद्र्य आधी जवळपास ५३ टक्क्यांपर्यंत चढलं आणि नंतर उतरलं. अर्थकारणातलं हे यश नाकारण्याचं कारण नाही. पण राज्यसत्तेला लगाम घालायला निघालेल्या माणसाने शेकडो कलमांचा बदल एका वटहुकमाने केला, २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयावरचे दोन न्यायाधीश सिनेटला डावलून हुकमाने नेमले (सिनेटने एप्रिलमध्ये त्यांची नावं फेटाळली), आणि लोक पत्रकारांचा पुरेसा द्वेष करत नाहीत, असं पुन्हा पुन्हा म्हटलं. स्वातंत्र्याच्या पुरस्कर्त्याची खरी परीक्षा ही, की स्वतःच्या हातातली सत्ता तो किती सोडतो. ब्राउन यांच्यावर ती वेळ आली नाही. ते त्यात उतरले असते की नाही, हे आपण छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मराठी वाचकाला इथे शरद जोशी आठवल्याशिवाय राहणार नाहीत. टपाल सेवेतले वरिष्ठ अधिकारी, स्वित्झर्लंडमध्ये बर्नला आंतरराष्ट्रीय टपाल संघटनेत नोकरी, ती सोडून चाकणजवळ आंबेठाणला कोरडवाहू शेती, आणि कांद्याच्या भावावरून उभी राहिलेली शेतकरी संघटना. सरकारने शेतमालाचे भाव पाडणं थांबवावं, बाजार खुला करावा, मग अनुदानाची गरज उरणार नाही. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ या घोषणेत हा सगळा विचार मावला होता. ते अखंड लिहीत, मराठीत आणि इंग्रजीत. ब्राउन यांना जे कधी साधलं नाही ते जोशींना साधलं : लाखो माणसं रस्त्यावर आली, आणि १९८६मध्ये चांदवडला शेतकरी स्त्रियांचा प्रचंड मेळावा भरला. मतपेटीत मात्र ही ताकद कधीच तेवढी उतरली नाही. १९९४मध्ये काढलेला स्वतंत्र भारत पक्ष छोटाच राहिला.

९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत महिला आरक्षणाचं विधेयक १८६ विरुद्ध १ असं मंजूर झालं. ते एक मत शरद जोशींचं. राखीव मतदारसंघ दर वेळी बदलणार असतील, तर प्रतिनिधी आणि मतदारसंघ यांचं नातं तुटेल आणि त्यात स्त्रियांचंच नेतृत्व उभं राहणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मी विधेयकाच्या बाजूचा आहे. पण बायकोच्या नावावर जमीन करा, हे शेतकऱ्यांना पटवून ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम चालवणाऱ्या माणसाचा हा आक्षेप होता, आणि मतदारसंघ फिरता ठेवण्याचा प्रश्न आजही तसाच उभा आहे. सभागृहात तो नोंदला गेला, कारण एक माणूस एकटा पडायला तयार होता.

आपल्याकडची अडचण अमेरिकेपेक्षाही मुळाशी आहे. तिथे ब्राउन यांना सह्या गोळा कराव्या लागल्या, मंचाबाहेर राहावं लागलं. पण आपला विचार उघडपणे सांगणारा पक्ष नोंदवायला कायद्याने त्यांना अडवलं नाही. आपल्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात १९८९पासून कलम २९-अ आहे. पक्षाची नोंदणी करायची तर घटनेवर निष्ठा, देशाची एकता आणि अखंडता, लोकशाही आणि धर्मनिरपेक्षता यांबरोबरच समाजवादाच्या तत्त्वांवरही निष्ठा असल्याचं पक्षाने आपल्या घटनेत लिहून द्यावं लागतं. राजाजी आणि मिनू मसानी यांच्या स्वतंत्र पक्षाने १९६७मध्ये लोकसभेच्या ४४ जागा जिंकल्या होत्या, आणि समाजवादी अर्थनीतीला विरोध हाच त्याचा पाया होता. तो पक्ष आज खरं बोलून नोंदवता येणार नाही. जोशींनी राज्यसभेत ही अट काढण्यासाठी खासगी विधेयक मांडलं. त्यातून काही निष्पन्न झालं नाही.

सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४मध्ये, घटनेच्या सरनाम्याबद्दलच्या प्रकरणात, भारतातल्या समाजवादाचा अर्थ कल्याणकारी राज्य असा आहे आणि त्याने खासगी उद्योगाला अडथळा होत नाही, असं म्हटलं. मला स्वतःला कल्याणकारी राज्य हवं आहे. सरकारी दवाखाने, सरकारी शाळा, रोजगार हमी, रेशन यांच्याशिवाय महाराष्ट्रातल्या गरीब माणसाचं कसं होईल, या विचाराने माझी झोप उडते. पण ज्याला ते नको आहे त्याने पक्ष काढण्यापूर्वी मला हवी ती शपथ खोटी घ्यावी, अशी माझी अपेक्षा का असावी? आज देशात शेकडो पक्ष ही शपथ लिहून बसले आहेत; त्यातल्या कितींना ती मनापासून मान्य आहे, हे त्यांची अर्थधोरणं बघून कुणीही ओळखावं. लोकशाहीवर आणि घटनेवर निष्ठेची अट योग्यच आहे, कारण त्या चौकटीतच आपण भांडणार आहोत. आर्थिक विचाराची अट त्या भांडणाचा निकाल आधीच लावून टाकते. कलम २९-अ मधले तेवढे शब्द काढायला घटनादुरुस्ती लागत नाही, साधी कायद्यातली दुरुस्ती पुरते, आणि ती मागायला डाव्या पक्षांनीही पुढे यावं. समाजवादावर ज्यांची खरी श्रद्धा आहे, त्यांना तर ती सक्तीची सही सगळ्यात आधी खटकायला हवी.